ठेवणार : माया

नागपूर, गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५

माया वं, जय भीम.

अक्षराले हसू नको. माझी शाळा चौथीपर्यंतची, तुले माहीत आहे. त्यातलंही मी सारं विसरली होती, तूच धंतोलीच्या हॉस्पिटलात केसपेपरच्या पाठीवर गिरवून घेतलं. म्हणून जे वाकडं दिसन ते शिकवणारीचं समजायचं.

तुझ्या पत्राचा फोटो रितिकानं नंदिनीच्या मोबाईलवर पाठवला. नंदिनी माझी सून, अश्विनची बायको. ती वाचून दाखवाले लागली तर मी म्हटलं, आण इकडे, मले येते वाचता. पण काचेले बोट लागलं की तुझं पत्र पळून जाय, पुन्हा बोट लावलं की सारी काच भरून एकच अक्षर. शेवटी तिच्याकडूनच ऐकलं. तुझे कान पार गेले, फोनवर बोलून उपयोग नाही, असं तुझी पोरगी रितिका म्हणते. तू अशीही दुसऱ्याचं कमीच ऐकायची. तर आता असं ठरलं, मी कागदावर लिहायचं, नंदिनीनं फोटो काढायचा, रितिकानं तुले दाखवायचा. मतलब आपलं पत्र मले धरून चार बाया वाचणार. तेवढं ध्यानात ठेवून लिहून राहिली.

तुझ्या काळजाची झडप बदलणार, ११ तारखेले, गुरुवारी सकाळी. डॉक्टर म्हणतात, वय पाहता काही सांगता येत नाही. असं सांगणारे डॉक्टर आपण दोघींनी रोज पाहिले. सांगता येत नाही म्हणाले त्यातल्या कितीक बाया पायानं घरी गेल्या. अन् काही होत नाही म्हणाले त्यातल्याही काही परत आल्या नाहीत. म्हणून तुले धीर देत नाही. तुले धीर दिलेला चालत नाही.

तू लिहिलं, आपलं ठरलं होतं. आपल्यातली जी पहिली टेबलावर जाईन तिचा दागिना दुसरीनं काढायचा. माझ्या नाकातली फुली दुसऱ्या कोणाच्या हातानं निघू देणार नाही, तू ये. ठरलं होतं, खरं आहे. कपड्याच्या खोलीत चहा पिताना ठरलं होतं. तेव्हा टेबलावर जायचा नंबर दुसऱ्यायचाच असते असं वाटे.

पिंकीले, माझ्या नातीले, हे समजून सांगावं लागलं. म्हटलं, ऑपरेशनच्या आधी बाईच्या अंगावर सोन्याचा कण ठेवत नाहीत. ते काढायचं काम आयांचं, म्हणजे आमचं दोघींचं. एक काढणार, दुसरी ठेवणार, अन् रजिस्टरात दोघींची नावं लिहायची. काढणार : कौसल्या. ठेवणार : माया. कपाटाची चाबी तुझ्या कमरेले, म्हणून ठेवणार नेहमी तूच. पिंकी म्हणे, आजी, आता पिशवीत टाकून वरून स्टिकर लावतात. लावू दे.

दुसरं तू लिहिलं ते सावनेरच्या बाईच्या फुलीचं. ती फुली हरवली, तुले चोर म्हणून काढलं, अन् साऱ्या हॉस्पिटलात मी एकटी तुझ्याकडून बोलली. एकतीस वर्षं झाली तरी तू त्याच्यावर अर्धं पान लिहिलं. ते सोड. मले तुले एक वस्तू द्यायची आहे अन् एक गोष्ट सांगायची आहे. समोर बसून सांगीन. फोटोत मावणार नाही.

४ तारखेचं बंगलोरचं विमान आहे. मी विमानात कधी बसली नाही, अश्विन मिहानमध्ये विमानाच्याच कारखान्यात कामाले आहे तरी नाही. काटोलहून माझा भाचा देवाजी संत्र्याची पेटी आणून देणार आहे. तिकडे तुम्ही संत्रं म्हणून काय खाता देव जाणे.

चार तारखेले तोंड दाखवते.

कौसल्या


विमानतळ, सोनेगाव, गुरुवार, ४ डिसेंबर

माया,

हे इथंच बसून लिहून राहिली. कागद अन् पेन गोपाळरावांचा. गोपाळराव म्हणजे आपल्या महाल भागातले रिटायर क्लार्क, बंगलोरले पणतीच्या बारशाले चालले होते. चालले होते असं लिहिते, कारण कोणीच चाललं नाही.

सकाळी पावणेदहाचं विमान. मी सातलाच येऊन बसली. अश्विननं दारापर्यंत सोडलं, आत त्याले येऊ देत नाहीत. आत आली तर वरच्या पाटीवर गावांची नावं, अन् साऱ्या गावांपुढे लाल अक्षरं. मले वाटलं लाल म्हणजे घाई करा. गोपाळरावांनी सांगितलं, लाल म्हणजे रद्द.

काउंटरवर माणसांचा गराडा. एकाच्या हातात लग्नाचा शेला, एक बाई लेकरू कडेवर घेऊन भांडून राहिली. पलीकडे पिंकीच्या वयाची पोरगी. कोणी काही बोललं की सॉरी मॅम, सॉरी सर. बस असती तर ड्रायव्हरच्या कॉलरले हात घातला असता, पण त्या पोरीले काय बोलणार? सकाळपासून तिनं पाणी पेलं नव्हतं, ओठ पाहूनच समजत होतं. मी गेली तर म्हणे, मॅम, तुमची फ्लाईट कॅन्सल आहे.

म्हटलं, काहून?

तर म्हणे, ऑपरेशनल रीझन.

म्हटलं, ऑपरेशनचं कारण माझ्याकडे आहे वं, तुझ्याकडे काय आहे ते सांग.

मागचा एक जण म्हणे पायलट नाहीत, दुसरा म्हणे दिल्लीले धुकं आहे. दिल्लीच्या धुक्याचा अन् बंगलोरच्या विमानाचा काय संबंध, हे मी गोपाळरावांले विचारलं. ते म्हणाले, "अहो, तेच विमान दिल्लीहून इथे येणार होतं आणि तेच पुढे बंगलोरला जाणार होतं."

म्हणजे घरात लुगडं एकच, सकाळी सून नेसते अन् दुपारी सासू. अन् आपण समजत होतो विमानवाले श्रीमंत.

गोपाळराव लेखी तक्रार करून राहिले. तीन पानं झाली. मले म्हणाले, "आजीबाई, तुमचीही सही घ्या यावर." मी म्हटलं, घ्या, पण ह्या तक्रारीवर बसून जाता येत असन तर मागची सीट माझी.

सही केली. तूच शिकवलेली सही. त्यांनी अक्षर पाहिलं अन् काही बोलले नाहीत, चांगला माणूस आहे.

संत्र्याची पेटी सोबतच होती. कंपनीनं उपमा दिला, तो इतका थंड की रवा मोजता येय. मग मीच पेटी फोडली. लेकरावाल्या बाईले दिली, शेल्याले दिली, त्या काउंटरच्या पोरीले दोन दिली. तिनं टेबलाखाली बसून खाल्ली.

नवीन तिकीट ७ तारखेचं, रविवारचं. अजून वेळ आहे. तू घाबरू नको. वस्तू माझ्याजवळ नीट आहे, पोलक्याच्या आतल्या खिशात. तपासणीवाल्या बाईनं हात लावून विचारलं, अम्मा ये क्या है. मी म्हटलं, पट्टी है, पुरानी जखम की. तिनं जाऊ दिलं.

कौसल्या


नागपूर, रविवार, ७ डिसेंबर

माया,

आज सकाळचं विमान दुपारचं केलं, दुपारचं पाचचं केलं, अन् पाच वाजता रद्द केलं. हे असं मारण्यापेक्षा सकाळीच मान कापावी. घरी येऊन लिहून राहिली.

गोपाळराव आजही होते. बारसं काल होऊन गेलं. नाव काय ठेवलं ते त्यांले फोनवर ऐकू नाही आलं, विमानतळावर इतका गोंधळ. तरी चालले होते. म्हणाले, "आता नाव विचारायला तरी जातो."

काल सहा तारीख होती. दीक्षाभूमीवर जाऊन मेणबत्ती लावून आली. गर्दी होतीच. माझा बाप छप्पन साली मले खांद्यावर घेऊन आला होता, मी पाच वर्षांची. मले त्यातलं काहीच आठवत नाही, फक्त बापाची टोपी आठवते, कारण मी ती पाडली होती. काल तिथं उभी राहून तुझाच विचार आला. बाकी काय मागायचं ते मागितलं.

नंदिनी मागं लागली आहे रेल्वेनं जा म्हणून. संध्याकाळी पोळ्या करताना आमचं जुंपलं.

ती म्हणे, "आई, गाडीनं एक दिवसाचं काम आहे. आज बसल्या तर उद्या संध्याकाळी मावशीजवळ."

मी म्हटलं, माझे गुडघे?

"बर्थ खालचा घेऊ ना."

म्हटलं, संडासात कोण खाली बसन, तू?

"गाडीत इंग्लिश संडास असते आई."

म्हटलं, विमानाचे पैसे दिले ना, मग विमानानंच जाईन.

ती लाटणं जोरानं चालवाले लागली. कंपनीनं परवाचं तिकीट दिलं आहे, नऊ तारखेचं, मंगळवारचं. तोवर धीर धर. अकराले अजून वेळ आहे.

जेवण हलकं घे. रितिकाले सांग, रात्री उशी उंच ठेव.

कौसल्या


नागपूर, मंगळवार, ९ डिसेंबर

माया,

आजही नाही झालं. पुन्हा तेच.

आता दुसरं तिकीट काढून उपयोग नाही, कोण जाणे तेही रद्द होईन. माझी वाट पाहू नको. तुझी फुली रितिकाले काढू दे. तिले नीट सांग. ओढायची नाही. आधी कोमट पाण्यात साबण कालवून नाकाच्या आतून बोट फिरवायचं. मागची फिरकी नखानं नाही, बोटाच्या मांसानं धरायची, अन् पुढून फुली उलटी फिरवायची. तुझी जुनी आहे, घट्ट असन. दोन मिनिटं दम धरावा लागते.

ऑपरेशन नीट होईन.

कौसल्या


बंगलोर, हॉस्पिटलचा चौथा माळा, गुरुवार, ११ डिसेंबर

माया,

हे पत्र कागदावरच तुझ्या हाती येईन. मी हॉस्पिटलात आहे. सकाळी अकरा वाजता पोहोचली. तुले आठलाच आत नेलं होतं.

नऊ तारखेचं विमान रद्द नव्हतं झालं. ते वेळेवर गेलं. मीच नाही गेली.

कसं झालं ते सांगते. पाटीवर त्या दिवशी लाल नव्हतं काही. तपासणी झाली, मी आत जाऊन खुर्चीवर बसली. गोपाळराव म्हणाले, चला आजी, आपलं दार उघडलं. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी एवढं संत्रं खाऊन येते. ते गेले. मी संत्रं सोलून राहिली. एक एक फोड घ्यायची, तिची शीर काढायची, बी काढायची. भोंग्यावर नाव आलं, कौसल्या रामटेके. मग पुन्हा आलं. मग कंपनीचा एक माणूस खुर्च्याखुर्च्यांतून धावत आला, एकेका बाईले विचारत. माझ्यासमोर उभा राहून म्हणे, कौसल्या रामटेके आप हैं?

मी म्हटलं, नाही.

तो गेला. काचेतून विमान मागं सरकताना दिसलं. मग मी अश्विनले फोन केला, पुन्हा रद्द झालं म्हणून सांग रितिकाले. दोनदा खरं घडलं होतं, तिसऱ्यांदा कोण विचारते?

अन् पहिल्या दोन वेळचंही सांगते. चार तारखेले ती पोरगी कॅन्सल म्हणाली तेव्हा मी सगळ्यांत मोठ्यानं भांडली, पण आतून मले बरं वाटलं. सात तारखेले पाच वाजता रद्द झालं तेव्हाही. गुडघ्याचं निमित्त होतं. काल गाडीत बसून आली, चोवीस तासांत गुडघे काही बोलले नाहीत.

काल सकाळी नंदिनीच्या मोबाईलवर कंपनीचा मेसेज आला, तुम्ही विमानात चढला नाहीत म्हणून. ती ऑफिसले निघाली होती, डबा हातातच होता.

"आई, विमान गेलं होतं."

म्हटलं, हो.

"मग तुम्ही कुठं होत्या?"

"तिथंच."

तिनं डबा खाली ठेवला. मग म्हणे, "तुम्हाले मायामावशीकडे जायचं आहे की नाही, एवढंच सांगा."

म्हटलं, जायचं आहे.

"मग उठा. लुगडं बदला."

ऑफिसले दांडी मारून तिनं तिकीट मिळवलं, स्टेशनवर आणलं, खिडकीतून तिचाच डबा मले दिला. तुमच्याशी मी आल्यावर बोलते, म्हणाली. अजून एकही शब्द मऊ बोलली नाही, अन् तिचं बरोबर आहे. एक दिवस आधी निघाली असती तर काल तुझ्याजवळ असती.

आता जे सांगायचं ते.

चौऱ्याण्णव सालचा मार्च, चौदा तारीख. सावनेरची ती पहिलटकरीण, पोट फाडून मूल काढायचं होतं, घाई होती. तिचा नवरा रक्ताची बाटली आणाले गेला होता. तू वरच्या माळ्यावर दुसऱ्या बाईजवळ होती. दागिना काढताना दोघी पाहिजेत हा नियम तूच केला होता, बाकी कोणाले त्याची पडली नव्हती. मी एकटीनंच फुली काढली. कपाटाची चाबी तुझ्याजवळ, म्हणून फुली चिकटपट्टीत गुंडाळून माझ्या एप्रनच्या खिशात आतून चिकटवली, खाली पडू नये म्हणून. म्हटलं, माया खाली आली की देईन. अन् रजिस्टर समोर होतं, हात रोजच्या सवयीनं चालला. काढणार : कौसल्या. ठेवणार : माया. तुझं नाव तूच मले लिहाले शिकवलं होतं. माझ्या नावाआधी.

मग त्या दिवशी लागोपाठ तीन बाळंतपणं झाली. एप्रन रक्तानं भरला, मी काढून धोब्याच्या गाठोड्यात टाकला अन् घरी गेली. फुली डोक्यातून पार निघून गेली. दुसऱ्या दिवशी सावनेरचे लोक आले, रजिस्टर उघडलं, तुझं नाव. तू म्हणाली, माझ्या हातात कोणी काही दिलं नाही. डॉक्टरीणबाईनं मले विचारलं, कौसल्या, तू मायाले दिली का?

मी म्हटलं, लिहिलं आहे तसंच असन.

मले खरंच वाटलं की दिली असन. रोजच देत होती. इथपर्यंत ती चूक होती, तिच्यासाठी मी तुझ्या पाया पडली असती अन् मोकळी झाली असती.

तुले काढलं. तू लिहिलं ते खरं आहे, मी डॉक्टरीणबाईच्या खोलीत जाऊन म्हटलं होतं की माया असं करणारी बाई नाही. दाराबाहेर तू ऐकलं. त्यावर तू एकतीस वर्षं मले मनात वरच्या पाटावर बसवलं. पण ती तुझी बाजू घेणं नव्हतं वं. बाजू घ्यायची वेळ नंतर आली.

आठव्या दिवशी धोब्याकडून एप्रन आले. मी माझा घातला, खिशात हात घातला, तर आत काही टोचलं. सोड्याच्या भट्टीत उकळून आली, इस्त्री झाली, तरी पट्टी सुटली नव्हती. मी कपड्याच्या खोलीत उभी राहिली. बाई तेव्हा पलीकडच्या खोलीत चहा पीत होत्या. भिंत एकच. पंधरा पावलं असतील. आदल्याच दिवशी त्यांनी कपाटाची चाबी माझ्या हातात दिली होती.

घरी मिल बंद होती, अश्विनच्या बापाले काम नव्हतं, असं मी इथं लिहिलं असतं. गाडीत बसून तेच घोकत आली. पण मिल सुरू असती तरी मी ती पंधरा पावलं चालली नसती. मले ती चाबी आवडली होती. कमरेले लावली की चालताना वाजे.

त्याच महिन्यात तू नागपूर सोडलं. जायच्या आधी माझ्या घरी आली, माझ्या हातचा चहा पेली, म्हणाली, कौसल्या, तू होती म्हणून मी वर तोंड करून चालली. फुली तेव्हा माझ्या ट्रंकेत होती, तू त्याच ट्रंकेवर बसून चहा पेली.

सावनेरच्या बाईलेही परत केली नाही. करायची म्हटलं तर सांगावं लागलं असतं. एकदा एसटीस्टँडवर गेली होती, सावनेरची गाडी लागली होती, मी शेंगदाणे घेऊन परत आली. विमानतळावरचं काही नवीन नाही मले.

अन् हे समोर बसून सांगीन म्हणत होती, ते कोणाले फसवत होती? तुले ऐकू येत नाही हे मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. समोर बसून तोंड हलवलं असतं, तू हसली असती, मान डोलावली असती. म्हणजे सांगितल्याचं समाधान माझं, अन् तुले काहीच नाही. असं होतं माझ्या मनात. तुले सांगायचं तर लिहूनच सांगावं लागन, अन् लिहिणं तर मले नोव्हेंबरातच जमत होतं.

आता सकाळचं. मी आली तेव्हा रितिका थेटरच्या बाहेर उभी होती. मले वाटलं बोल लावीन. तिनं मले पाणी दिलं. मग पर्समधून तुझा रुमाल काढला, गाठ मारलेला, अन् माझ्या हातात ठेवला.

म्हणे, "मावशी, आईनं शेवटपर्यंत फुली काढू दिली नाही. दोन वेळा सिस्टर येऊन गेली. म्हणत होती, कौसल्या निघाली असन, ती पत्रात काही लिहो. आठ वाजता स्ट्रेचर आलं तेव्हा आईनं स्वतःच काढली. साबणाचं पाणी मागितलं होतं. म्हणाली, हे कौसल्याच्याच हातात दे."

गाठ सोडली तर आत फुली, अन् तुझ्या अक्षरातली चिठ्ठी.

काढणार : माया. ठेवणार : कौसल्या.

मी रुमाल घेऊन बाकड्यावर बसली. किती तरी वेळ मले रुमालाची गाठ पुन्हा मारता येत नव्हती.

तीनला तुले बाहेर आणलं. डॉक्टर म्हणाले, झडप बसली, आता उद्यापर्यंत पाहायचं. काचेतून तुले पाहिलं. नळ्याच नळ्या. नाकावर फुलीची जागा पांढरी दिसते, बाकी चेहरा तोच आहे, हट्टी. मी आजवर कितीक जणी अशा पाहिल्या. तू उठशील असं माझी नजर म्हणते. पण माझ्या नजरेवर भरोसा ठेवू नको, ती पाहायचं तेव्हा पाहत नाही.

हे पत्र मी रितिकाजवळ देऊन राहिली. तिले म्हटलं, आधी तू वाच, मग फोटो काढून नंदिनीले पाठव. चार बायांनी वाचलं पाहिजे. आई उठून बसली अन् चष्मा मागितला की तिच्या हातात दे. बिचारी विचारते, मावशी, काय आहे असं? म्हटलं, वाचता येते ना तुले, वाच.

पत्रासोबत पट्टी आहे. पिवळी पडली आहे, उकलू नको, हात लागला की चुरा होते. आतली फुली त्या सावनेरच्या बाईची. तिचं नाव मले आठवत नाही. तुले आठवत असन, तू साऱ्यांची नावं लक्षात ठेवायची. तिचं काय करायचं ते तू सांग, मी करीन. दुसरा तुझा रुमाल. गाठ तशीच बांधली आहे. तुझी वस्तू ठेवायचा मान तू मले दिला, पण मी ठेवून घेण्यासारखी बाई नाही, हे ज्या दिवशी तुले समजायला पाहिजे होतं त्याच्या एकतीस वर्षांनी सांगून राहिली.

संत्री दोन उरली. सुकली आहेत, पण आतून चांगली असतील. रितिकाले दिली.

मी लिफ्टच्या बाजूच्या बाकड्यावर आहे. इथून तुझं दार दिसते. वाचून झाल्यावर बोलाव म्हणत नाही. नागपूरची गाडी रोज आहे. पण तू वाचल्याशिवाय मी उठणार नाही, एवढं आता करीन.

अन् रजिस्टर तर रद्दीत गेलं असन, म्हणून इथं लिहिते.

१४ मार्च १९९४. सोन्याची फुली, एक.
काढणार : कौसल्या.
ठेवणार : कौसल्या.